खर्जाची तार

गाण्याच्या बैठकीत ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते असा एक गृहस्थ नेहमी असतो. तो गवयाच्या मागे बसतो, तंबोऱ्याचा भोपळा मांडीशी घेतो आणि दोन-अडीच तास त्याच चार तारांवरून तीच बोटे फिरवीत राहतो. बैठक संपली म्हणजे लोक गवयाच्या पायांस हात लावतात, तबलजीची पाठ थोपटतात, पेटीवाल्याशीही दोन शब्द बोलतात. तंबोरेवाला मात्र एका बाजूस गवसणी चढवीत बसलेला असतो. आणि तरीही त्या चार तारांतली शेवटची, जाड, पितळेची तार, जिला आपण खर्ज म्हणतो, ती जरा उतरली, तर मोठ्यातल्या मोठ्या गवयाचा षड्ज उघडा पडतो. खर्ज लागलेला असताना तो कोणास ऐकू येत नाही. तो बिघडला म्हणजेच ऐकू येतो. जगातील पुष्कळ उपयुक्त माणसांची हीच गत आहे.

पाश्चात्त्यांच्या रॉक संगीतात हे खर्जाचे काम बास गिटारकडे असते. तिलाही तारा चारच, आणि नेहमीच्या गिटारपेक्षा त्या एक सप्तक खाली लावलेल्या. १९५१ साली अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी ती हातात धरण्याजोगी करून बाजारात आणली. तोपर्यंत हे काम माणसाएवढ्या उंचीच्या एका अवजड तंतुवाद्यावर चाले. तंबोऱ्याचा खर्ज एका जागी स्थिर असतो, बास गिटारचा खर्ज चालता असतो, एवढा फरक सोडला तर श्रोत्यांच्या कृतघ्नतेच्या बाबतीत दोहोंचे नशीब सारखेच. मंडळीचे चित्र छापले म्हणजे मध्ये गाणारा, त्याच्या शेजारी गिटारवाला, आणि बासवाला कडेला, अर्धा सावलीत.

मला आज अशा तीन बासवाल्यांविषयी लिहावयाचे आहे. तिघांना जोडणारा धागा एकच: एका पारशी मुलाच्या आयुष्यात हे तिघे निरनिराळ्या वेळी आले. त्या मुलाचे शिक्षण आपल्या महाराष्ट्रात झाले. पुढे तो जगद्विख्यात गायक झाला, आणि त्याच्यावर आजवर इतके लिहिले गेले आहे की माझ्यासारख्याने त्यात भर घालण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्या तिघांकडे, आणि विशेषतः त्यांतल्या मधल्याकडे, पाहताना मला आपल्या घरांतून रोज चालणाऱ्या एका मोजमापाविषयी पुष्कळ वाटत गेले. ते सांगावे, एवढाच हेतू.

मुलाचे नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार बेटावर. घराणे मूळचे गुजरातेतील बलसाडचे, हे आडनावच सांगते. वडील सरकारी नोकरीत खजिनदार होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईबापांनी त्याला आठव्या वर्षाच्या सुमारास बोटीने मुंबईकडे रवाना केले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले. आठ वर्षांचा मुलगा, मध्ये सारा समुद्र, आणि सुट्टीत जावयाचे ते बहुधा मुंबईच्या नातलगांकडे. ज्यांनी मुलांना शिक्षणासाठी दूर ठेवले आहे त्यांस यातील गोष्ट फोड करून सांगावयास नको. पाचगणीचे पठार, कृष्णेचे खोरे, पावसाळ्यातील ते न संपणारे धुके, यांत ते मूल वाढले. तिथेच सवंगड्यांनी त्याला फ्रेडी म्हणावयास सुरुवात केली, आणि तिथेच तो पियानो शिकला.

१९५८ च्या सुमारास त्या शाळेतील पाच मुलांनी आपली एक वाद्यमंडळी काढली. नाव ठेवले ‘द हेक्टिक्स’. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची त्या वेळची गाजलेली गाणी ही मुले शाळेच्या समारंभात म्हणत. येथे एक मौजेची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या मंडळीचा गायक फारोख नव्हता. गात असे ब्रूस मरे नावाचा मुलगा. डेरिक ब्रांच गिटार वाजवी, व्हिक्टरी राणा ढोल सांभाळी, आणि आपला फारोख पियानोवर बसून मधूनमधून सूर धरी. पाचवा मुलगा फरंग इराणी. त्याच्याकडे खर्ज होता, पण वाद्य विकत घेण्याची ऐपत शाळकरी मुलांना कोठून असणार? चहाचे लाकडी खोके पालथे घालावे, त्यास एक काठी उभी करावी, काठीपासून खोक्यापर्यंत एक दोरी ताणावी, की झाला खर्ज! विलायतेतही त्या काळी गरीब घरची मुले असेच करीत. सह्याद्रीच्या माथ्यावर बसून फरंगने तेच केले.

पुढे या पाचांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. राणा नेपाळच्या सैन्यात गेला, सेनानी झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व त्याने केले. ब्रांच इंग्लंडात नट झाला. मरेही इंग्लंडात गेला. फरंग इराणी यांनी पुण्यात उपाहारगृह चालविले, आणि एका पिढीच्या पुणेकरांनी त्यांच्या हातचे खाल्ले. शाळेतल्या एका फलकावर ही पाच नावे लिहून, यांतला जगाचा गायक कोणता होईल ते सांगा, असे त्या वेळच्या मास्तरांना विचारले असते, तर पियानोमागे बसलेल्या मुलाकडे कितीकांनी बोट दाखविले असते कोण जाणे. जो तेथे गात होता त्याच्याकडेच दाखविले असते, आणि ते स्वाभाविकच होते.

हा झाला पहिला बासवाला. आता दुसरा, आणि माझ्या लेखाचा खरा नायक तोच.

जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली. रक्तपात झाला, आणि बलसारा कुटुंब चीजवस्तू मागे टाकून लंडनजवळ फेल्थम येथे आले. फारोखने ईलिंगच्या कलाविद्यालयात आलेखनकलेचा अभ्यास सुरू केला. तेथे त्याच्या बरोबर एक इंग्रज मुलगा शिकत होता. नाव टिम स्टाफेल, जन्म १९४८. हा टिम गात असे आणि गाता गाता बास गिटार वाजवीत असे. ब्रायन मे नावाच्या आपल्या जुन्या मित्राबरोबर त्याने १९६८ साली ‘स्माइल’ ही मंडळी काढली. ढोलावर रॉजर टेलर. मे हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होता, टेलर दंतवैद्यकाचा विद्यार्थी. म्हणजे तिघांच्याही आईबापांच्या उरात धडकी भरावी अशीच ही स्थिती होती.

गाणे आणि बास वाजविणे ही दोन कामे एकाच माणसाने एकाच वेळी करणे किती अवघड आहे, हे वाजविणाऱ्यांखेरीज इतरांच्या सहसा ध्यानात येत नाही. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईचा हात आणि गळा एकाच लयीत फिरत असतात. जाते थांबले की ओवी थांबते. पेटी वाजवून गाणारा बहुधा आपल्याच गळ्याच्या मागे बोटे नेत असतो. बासवाल्याचे तसे नाही. त्याची बोटे ढोलाशी बांधलेली आणि गळा शब्दांशी बांधलेला. शब्द मात्रेच्या मागेपुढे रेंगाळू पाहतात, बोटांना तसे करण्याची सोय नाही. एकाच माणसाने तंबोरा, तबल्याचा डगा आणि ख्याल असे तिन्ही सांभाळावे, त्यातला हा प्रकार. इंग्लंडातील बीटल्स मंडळीतील पॉल मॅकार्टनी, क्रीम मंडळीतील जॅक ब्रूस, हे या दुहेरी कामातले मोठे कसबी. स्टाफेल त्याच वाटेने निघाला होता. १९६९ साली ‘स्माइल’ची एक ध्वनिमुद्रिका अमेरिकेत निघाली. तिच्यातील मुख्य गीत स्टाफेलनेच रचलेले होते. ती खपली नाही. ती काढणाऱ्या कंपनीचे नाव होते मर्क्युरी.

फारोख या मंडळीच्या भोवती सदैव घोटाळत असे. स्टाफेलनेच त्याची मे आणि टेलर यांच्याशी ओळख करून दिलेली. दुसऱ्या मंडळ्यांतून तो गाऊन पाहत होता, टेलरबरोबर केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकत होता, आणि ‘स्माइल’ने कसे उभे राहावे, काय ल्यावे, कसे गावे, याविषयी न विचारता सल्ले देत होता. १९७० साली स्टाफेलने ‘स्माइल’ सोडली. भांडण नव्हते, मत्सर नव्हता. त्याची आवड निराळ्या धर्तीच्या संगीताकडे वळली होती, आणि या मंडळीत ती पुरी होईल असे त्यास वाटेना. तो ‘हम्पी बाँग’ नावाच्या एका नव्या मंडळीत गेला. ती मंडळी फार काळ चालली नाही.

स्टाफेल उठला आणि एकच जागा रिकामी झाली, पण ती भरावयास दोन माणसे लागली! गाण्याच्या जागी फारोख आला. त्याने मंडळीचे नाव ‘क्वीन’ ठेवले आणि आपले स्वतःचे आडनाव बदलून ‘मर्क्युरी’ केले. बासची जागा मात्र बराच काळ भरेना. तिघेजण आले आणि गेले. शेवटी १९७१ साली जॉन डीकन नावाचा एकोणीस वर्षांचा अबोल मुलगा आला, आणि तो टिकला.

हा तिसरा बासवाला. लंडनच्या चेल्सी कॉलेजात तो विद्युत्तंत्र शिकत होता, आणि ते शिक्षण त्याने उत्तम तऱ्हेने पुरे केले. रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकलेली एक विद्युत्‌फळी त्याला सापडली. ती घरी आणून त्याने एका लहानशा ध्वनिवर्धकात बसविली, आणि तो ध्वनिवर्धक ‘क्वीन’च्या कित्येक ध्वनिमुद्रणांत मेच्या गिटारसाठी वापरला गेला. हा माणूस मुलाखती क्वचितच देई, रंगमंचावर फारसा गातही नसे. पण १९८० साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे गाणे त्याचे, आणि ते उघडते कशाने, तर एकट्या बासच्या चालीने. खर्जाने स्वतः पुढे येऊन दोन पावले चालून दाखविली, असा तो प्रकार आहे.

‘क्वीन’च्या कीर्तीची कथा मी लांबवीत नाही. १९७५ चे ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे जवळजवळ सहा मिनिटांचे गीत इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या स्थानी राहिले. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर दुष्काळपीडितांच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत फ्रेडी मर्क्युरीने वीस-एकवीस मिनिटांत सत्तर हजारांहून अधिक माणसांना आपल्या हाताच्या इशाऱ्यावर डोलविले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सच्या विकाराने त्याचा अंत झाला. आपल्याला हा आजार आहे, हे त्याने आदल्याच दिवशी जाहीर केले होते. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. त्यानंतर डीकनने थोडी कामे पुरी केली आणि १९९७ नंतर तो संगीताच्या जगातून जवळजवळ नाहीसा झाला. मे आणि टेलर आजतागायत तीच मंडळी चालवीत आहेत. डीकन तेथे नाही. गवई गेला, तेव्हा तंबोरा गवसणीत घालून ठेवणे हेच त्याला योग्य वाटले असावे.

आणि स्टाफेल? तो आणखी काही दिवस गात राहिला. ‘मॉर्गन’ नावाच्या मंडळीबरोबर त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. मग संगीत हा चरितार्थ होऊ शकत नाही असे दिसल्यावर त्याने आपले दुसरे कसब हातात घेतले. कलाविद्यालयात शिकलेला माणूस तो. चित्रपटांसाठी आणि जाहिरातींसाठी लहान-लहान प्रतिकृती बनविण्याच्या धंद्यात शिरला. १९८४ साली इंग्लंडात दूरचित्रवाणीवर ‘थॉमस द टँक इंजिन’ ही मुलांची मालिका सुरू झाली. रेव्हरंड ऑड्री यांनी १९४५ पासून लिहिलेल्या गोष्टींवर ती आधारलेली होती. निळे इंजिन, त्याचे गोल डोळे, लहानसे रूळ, लहानशी स्टेशने. त्या मालिकेच्या प्रतिकृती ज्या हातांनी घडविल्या त्यांत स्टाफेलचे हात होते. आपल्याकडेही त्या निळ्या इंजिनाचे चाहते घरोघर झाले. ज्या बोटांनी ‘स्माइल’चा खर्ज धरला होता त्याच बोटांची कारागिरी पाहून आपली मुले दूध पीत होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना लहान इंजिनाचे कौतुक शिकवावे लागत नाही. आमच्या धनजहून जवळचे मोठे गाव कारंजा. त्या कारंज्यावरून मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ‘शकुंतला’ नावाची अरुंद मापाची गाडी जात असे. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी एका विलायती कंपनीने ती घातली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन तिला सत्तर वर्षे ओढीत होते. १९९४ च्या एप्रिलात ते काढून डिझेलचे आणले. माणूस पायी निघाला तरी वाटेत तिला गाठील, असे तिच्याविषयी म्हणत. त्या गाडीला कोणी अयशस्वी म्हटलेले मी ऐकले नाही. ती पंजाब मेल नव्हती, एवढेच.

हा सारा वृत्तांत मला माझ्या पुतण्याकडून कळला. तो पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होता. तिसऱ्या वर्षी ते सोडून तो धनजला परत आला. येताना पेटीबरोबर एक जुनी बास गिटार होती. महाविद्यालयातल्या कोणा मंडळीत तो ती वाजवीत असे. आता तो शेतकऱ्यांच्या पाण्याच्या जळलेल्या मोटारींचे वाइंडिंग करतो. कपाशीला, तुरीला पाणी द्यावयाच्या ऐन दिवसांत त्याच्या दुकानापुढे मोटारींची रांग असते, आणि ज्याची मोटार जळली आहे त्याला त्या दिवशी त्याच्याइतका थोर माणूस जगात दुसरा दिसत नाही. तरीसुद्धा गावात बोलणे असते: ‘पोट्टं हुकलं.’ आप्तांच्या लग्नात कोणी विचारते, ‘तुमचा तो पुण्याचा मुलगा काय करतो हो?’ त्या ‘तो’वरचा जोर मला ओळखू येतो. माझे बंधू उत्तर देण्याच्या आधी पानाचा विडा तोंडात घालतात.

एकदा रात्री ‘बोहेमियन रॅप्सडी’ याच नावाचा, २०१८ साली निघालेला चित्रपट आम्ही घरी पाहत होतो. स्टाफेल मंडळी सोडून जातो, आणि त्याच घटकेस फारोख तेथे येऊन उभा राहतो, असे त्यात दाखविले आहे. पुतण्या म्हणाला की हे असे घडलेले नाही, ते दोघे आधीपासूनचे मित्र होते. मग त्याने मला स्टाफेलची सगळी हकीकत सांगितली. माझ्या बंधूंनी ऐकून घेतले आणि इतकेच म्हटले, “म्हणजे थांबला असता तर कोट्यधीश झाला असता.” पुतण्याने वर पाहिले नाही. तो म्हणाला, “बाबा, पयला गाणारा सोडून गेला नसता तं हा दुसरा कुठून आला असता?”

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला आहे. बंधूंचे गणित वरवर अचूक दिसते, पण त्यात एक चूक आहे. स्टाफेल थांबला असता, तर तो ‘क्वीन’चा गायक झाला नसता; कारण ‘क्वीन’ झालीच नसती. ‘स्माइल’ तशीच चालू राहिली असती, आणि अशा न चाललेल्या मंडळ्या त्या काळी लंडनच्या गल्लोगल्ली होत्या. ज्या गाडीतून आपण उतरलो ती पुढे सोन्याच्या गावाला गेली, असे आपण म्हणतो. पण आपण उतरल्यामुळेच तिने रूळ बदलले, हे विसरतो. हुकलेल्या माणसाच्या बाबतीत जगाचा हिशेब नेहमी असाच चुकतो. तो त्याच्या हातून गेलेल्या वस्तूची किंमत करतो, आणि ती वस्तू त्याच्या हातात असती तर तशी राहिली असती, असे धरून चालतो.

आता यावर कोणी म्हणेल की ही आंबट द्राक्षांची गोष्ट झाली. तसे नव्हे. कीर्ती ही क्षुद्र वस्तू आहे असे मी म्हणणार नाही. वेम्बलीची ती वीस मिनिटे मी पाहिली आहेत. तसे काही आपल्या घरातल्या मुलाच्या हातून घडावे असे कोणास वाटणार नाही? प्रसिद्ध माणसे दुःखी असतात आणि लहान माणसे सुखी असतात, ही जी एक सोयीची समजूत आपण करून घेतो तीही मला मान्य नाही. फारोखच्या वाट्यास आजार आला तो त्याच्या कीर्तीची शिक्षा म्हणून आला नाही. आणि प्रतिकृती बनविणाऱ्याच्या घरीही रात्री झोप न येण्याची कारणे असू शकतात. माझे म्हणणे एवढेच आहे की मोजण्याची पट्टी एकच नाही. गळ्याने गाणाऱ्यास जी पट्टी लावावयाची ती खर्ज धरणाऱ्यास लावून चालत नाही.

आपल्या सुशिक्षित घरांतून ही एकच पट्टी सर्वांना लावण्याची रीत पडली आहे. मुलगा आठ वर्षांचा असताना आपण त्याला दूर ठेवतो, ते तो कोणीतरी व्हावा म्हणून. त्याने ‘कोणीतरी’ व्हावयाचे, म्हणजे ज्याच्याकडे बैठकीतील सर्वांचे डोळे लागलेले असतात असा व्हावयाचे. पण बैठकीत जागा किती असतात? पुढे गाणारा एक. ज्याने अभ्यास अर्धा टाकला तो संपला, असे आपण ठरवून टाकतो. या कथेतला ब्रायन मे याने आपला आकाशविज्ञानावरचा प्रबंध १९७४ च्या सुमारास गाण्यासाठी अर्धा टाकला आणि २००७ साली, साठी गाठत असताना, तो पुरा करून पदवी घेतली. त्याच्या आईबापांना त्या तेहेतीस वर्षांत कोणी काय-काय विचारले असेल! तो जगप्रसिद्ध असल्यामुळे त्याचे अर्धे टाकणे आपण कौतुकाने सांगतो. धनजच्या मुलाने टाकले तर सांगताना आवाज खाली आणतो.

पाचगणीच्या त्या मंडळीकडे मी पुनःपुन्हा वळतो ते यासाठी. तेथे पाच मुले होती. एक सेनानी, एक नट, एक उपाहारगृहाचा चालक, एक जगाचा गायक आणि एक त्या वेळचा गायक. चहाच्या खोक्यावर ताणलेल्या दोरीचा खर्ज नसता तर त्या दिवशीच्या समारंभात पियानोमागच्या मुलाच्या सुराला पाया कोणता असता? हा प्रश्न फार मोठा नाही हे मला कळते. खोक्याच्या खर्जाने इतिहास घडत नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला चारचौघांत वाजविण्याचा धीर कोणाच्या तरी सोबतीने येतो, आणि ती सोबत ज्यांनी दिली त्यांची नावे चरित्राच्या पहिल्या प्रकरणातच संपतात.

आमच्या भागात गावोगाव भजनाची मंडळे आहेत. तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकून वाढलेला हा मुलूख. पुढे बसून गाणारा बुवा एक असतो, आणि मागे दहा-बारा माणसे धृपद उचलतात. बुवांचा आवाज बसला तर रात्र कशीबशी निघते. मागचे धृपद बसले तर भजन तिथेच थांबते. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. एकादशीच्या रात्री माहीत असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ‘पोट्टं हुकलं’ म्हणताना, ते विसरले जाते.

स्टाफेलच्या कथेला एक पुरवणी आहे. १९७० साली सोडताना त्याने मे याच्याबरोबर रचलेले ‘डूइंग ऑल राइट’ हे गीत मागे राहिले होते. १९७३ साली ‘क्वीन’च्या पहिल्याच संग्रहात ते निघाले, गायला फ्रेडी, श्रेय मे आणि स्टाफेल या दोघांचे. २००३ साली स्टाफेलने पुन्हा आपला स्वतःचा एक गीतसंग्रह काढला, आणि त्यात मे त्याच्या साथीस आला. २०१८ च्या त्या चित्रपटासाठी तेच जुने गीत ‘स्माइल’च्या रूपात हवे होते, तेव्हा मे आणि टेलर यांनी त्यालाच बोलाविले. सत्तर वर्षांच्या स्टाफेलने आपल्या विशीतले गाणे पुन्हा गाईले. जे चित्रपटगृहात गेले त्यांनी तो आवाज ऐकला. पण पडद्यावर तेव्हा दुसराच तरुण नट ओठ हलवीत होता. खर्जाने येथेही आपला धर्म सोडला नाही, असे म्हणावयाचे. ऐकू आला, पण दिसला नाही.

त्याच्या जुन्या मुलाखतींत किंवा बोलण्यात कडवटपणा सापडत नाही, असे पुतण्या मला सांगतो. त्याने ते कोठून मिळविले, हे मला समजत नाही, आणि ते शिकविण्याचे विद्यालय कोठे असल्याचेही माझ्या ऐकिवात नाही. परंतु माझ्या बंधूंना मी आता एक गोष्ट सुचविली आहे. पुढच्या लग्नात कोणी ‘तो पुण्याचा मुलगा’ म्हणून विचारले, तर विडा तोंडात घालण्याच्या आधी सरळ सांगावे की तो मोटारी दुरुस्त करतो, चांगल्या करतो, आणि गेल्या रब्बीत आमच्या शिवारातले हरभऱ्याचे कितीतरी तुकडे त्याच्यामुळे वाळावयाचे राहिले. बंधू अजून होय म्हणालेले नाहीत. पण त्यांनी नाहीही म्हटलेले नाही.